गावाच्या ग्रुपने शिकवलेल्या आठ गोष्टी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही. २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि पारावरच्या निम्म्या गप्पा बघता बघता मोबाईलवर गेल्या. विजेची डीपी जळाली, नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, कुठल्या गटाचं रक्त हवंय, सगळं ग्रुपवर. या ग्रुपचे गावावर उपकार आहेत. पण याच वाटेने आलेल्या अफवांनी माणसांचे जीवही घेतले आहेत, आणि त्यांतली काही आमच्याच जिल्ह्यातली होती. म्हणून इतक्या वर्षांत जे समजलं ते लिहून ठेवतोय.

१. लोक मेसेज वाचतात ते पाठवणाऱ्याचं नाव बघून.
परक्याने सांगितलेली गोष्ट आपण दहादा पारखतो. तीच मामाने, डॉक्टरांनी किंवा सरांनी पाठवली की पारखणं थांबतं. फॉरवर्ड मुळात कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नसतं; त्याला वजन येतं ते मधल्या प्रत्येक हाताच्या पतीमुळे. ‘सरांनी टाकलंय म्हणजे खरंच असणार’ हे वाक्य मी गावात ऐकलंय आणि त्या क्षणापासून फॉरवर्डचं बटण दाबणं मला शब्द देण्याइतकं गंभीर वाटतं. शब्द देताना आपण जेवढा विचार करतो तेवढा इथेही करायला हवा.

२. अफवा जुनीच असते, धार नवी असते.
२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा लोकांच्या हातात मोबाईल नव्हते. लोकांनी देवळापुढे रांगा लावल्या, चमचाभर दूध पाजलं आणि घरी गेले. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरली, तिने मात्र आईबापांच्या काळजालाच हात घातला. गावोगावी पोरांना अंगणात सोडायची भीती वाटू लागली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यांतले बहुतेक आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत तिकडे गेले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेही दार फोडून मारत राहिला. पाचही जण गेले. ज्या खोलीत दाखले मिळतात, ग्रामसभेचे ठराव लिहिले जातात, त्या खोलीत हे घडलं. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून पोट भरणाऱ्या माणसांना कुणी ‘तुम्ही कोण, कुठले’ असं विचारून उत्तर ऐकून घ्यायलाही थांबलं नाही. अफवेचा फटका आधी बसतो तो ज्याच्या बाजूने बोलायला त्या गावात कुणी नसतं त्याला, हे मी राईनपाड्याकडून शिकलो.

३. मेसेज उलगडून बघायची सवय लागते, आणि ती लावता येते.
सातवीच्या वर्गात मी हे फळ्यावर करून घेतो. मेसेज असा असतो: ‘काल आपल्या भागात टोळी पकडली. सावध राहा. जास्तीत जास्त शेअर करा.’ मुलांना विचारतो, काल म्हणजे कोणती तारीख? आपला भाग म्हणजे कोणतं गाव? पकडली कुणी, कोणत्या पोलीस ठाण्याने? सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? एकाही प्रश्नाला उत्तर नसतं, आणि हे मुलांनीच शोधलेलं असल्यामुळे त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

व्हिडिओचंही तसंच. मोटरसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ २०१८ च्या त्या अफवेच्या काळात फार फिरला. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेला होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि जनजागृतीची फिल्म पुरावा म्हणून देशभर फिरली. म्हणून व्हिडिओ आला की मुलं आता विचारतात, ‘सर, याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं?’

४. कंपनीने घातलेला बांध पुरत नाही.
२०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण द्यायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलपासून अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दोन बाण दिसतात. ते बाण दिसले की थांबायचं, एवढं प्रत्येकाने शिकावं. पण अडून बसलेला माणूस एकेक करून पन्नास ठिकाणी पाठवतोच. शेवटचा बांध आपल्याच बोटाशी आहे.

५. मेसेज चारचौघांत खोडावा, माणसाला एकट्यात भेटावं.
खोटी माहिती ग्रुपवर आली तर तिथेच, तारीख आणि कारण देऊन, ती खोटी असल्याचं लिहावं लागतं. ज्यांनी वाचली त्यांच्यापर्यंत खुलासा पोचायला हवा. पण ज्याने टाकली त्याचा पाणउतारा करू नये. आमच्या एका तात्यांनी कॅन्सरवरच्या घरगुती औषधाचा मेसेज टाकला होता. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, ‘तात्या, हे वाचून कुणी दवाखान्याची तारीख चुकवली तर?’ तात्या थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘मला वाटलं, कुणाचं तरी भलं होईल.’ खोटं पसरवणारे बहुतेक जण असे भल्या मनाचेच असतात. त्यांना हिणवलं की ते हट्टाला पेटतात. विश्वासात घेतलं की तेच राखणदार होतात. तात्या आता काहीही आलं की आधी मला दाखवतात.

६. ग्रुपवर जे बोलत नाहीत त्यांचंही गाव आहे.
आमच्या ग्रुपमध्ये बायका आहेत, पण लिहीत नाहीत. लिहिलं की नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री-अपरात्री नको ते मेसेज येतात, असं बचत गटाच्या ताईंनी सांगितलं. त्यांनी आपला वेगळा ग्रुप केला आणि तिथे रेशनपासून मुलींच्या एसटी पासपर्यंत सगळं मोकळेपणाने बोललं जातं. पाच-दहा पुरुष तावातावाने लिहितात, ते गावाचं मत नसतं. निवडणुकीच्या दिवसांत तर हे फार जपून लक्षात ठेवावं लागतं.

७. कायदा सोडून देतो तिथेही जबाबदारी उरते.
सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात सामील नसलेल्या ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. निकाल योग्यच आहे. पण गावाने माझ्या हाती चावी दिली आहे ती कोर्टाच्या भीतीने वापरायची नाही. कुणाच्या मरणाची बातमी घरच्यांनी कळवल्याशिवाय आमच्या ग्रुपवर टाकत नाहीत, अपघाताचे फोटो टाकत नाहीत. हे नियम कोणत्याही कायद्यात नाहीत. आम्ही बसून ठरवले आणि पाळतो.

८. खरी माहिती अफवेच्या आधी पोचली पाहिजे.
सगळ्यात मोलाचा धडा हाच. सुगी झाली की आमच्याकडेही गोसावी मंडळी येतात. आली की मी आणि पोलीसपाटील त्यांना भेटतो, चहा होतो, गावाचं नाव विचारून घेतो. मग ग्रुपवर लिहितो: ‘गोसावी मंडळी आली आहेत, देवळात उतरली आहेत, पोलीसपाटलांशी बोलणं झालं आहे. कुणाला शंका असेल तर मला फोन करा. खरंच काही धोका दिसला तर ११२ वर फोन करा, कुणाच्या अंगावर हात टाकू नका.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. ज्या मोबाईलवरून संशय पसरतो त्याच मोबाईलवरून ओळखही करून देता येते. प्रत्येक गावात एका ॲडमिनने एवढं मनावर घेतलं तर पोटासाठी परगावी गेलेली माणसं आपल्या घरी सुखरूप परततील.