दवाखान्याला होकार, बोर्डिंगला नकार

नव्याने पशुवैद्यक झालेल्या मुला-मुलींचे मला अधूनमधून फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो. "मॅडम, घरचा बंगला आहे. खाली दवाखाना काढायचा, मागच्या अंगणात कुत्र्यांचं बोर्डिंग. झोन बदलून घ्यावा लागेल का?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, कारण त्या एका प्रश्नात दोन वेगळे व्यवसाय आणि बऱ्याच वेगवेगळ्या परवानग्या गुंडाळलेल्या असतात. आम्ही नवरा-बायको या सगळ्यातून गेलो आहोत. सासऱ्यांनी बांधलेल्या बंगल्यात आम्हाला दोन्ही करायचं होतं. दवाखान्याला परवानगी मिळाली, बोर्डिंगला मिळाली नाही, आणि तो नकार बरोबर होता असं आज माझं ठाम मत आहे.

आधी झोनचं बघू. झोन बदलणं म्हणजे शहराच्या मंजूर विकास आराखड्यातच फेरबदल करणं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम ३७ खाली हा फेरबदल होतो. महासभेचा ठराव, राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती आणि सूचना, सुनावणी, शेवटी राज्य सरकारची मंजुरी, असा तो रस्ता आहे. शिवाय फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. चारी बाजूंनी घरं असताना मधला एकच प्लॉट व्यापारी करून द्यायला नगररचना खातं सहसा तयार होत नाही, आणि ते रास्तही आहे. तरीही "साहेबांशी बोलणं झालंय, झोन बदलून देतो" म्हणणारा माणूस प्रत्येक शहरात भेटतो. आम्हालाही भेटला. त्याला आगाऊ रक्कम हवी होती. कोणत्या कलमाखाली काम होणार, असं माझ्या नवऱ्याने विचारल्यावर त्याने विषयच बदलला. तुमच्याकडे असा कोणी आला तर तोच प्रश्न आधी विचारा, आणि अर्जाची पोच मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नका.

बहुतेकांना झोन बदलावा लागत नाही. त्यांना लागते ती वापर बदलण्याची परवानगी. एमआरटीपीच्या व्याख्येत 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला ठळक बदल हाही विकासच. एक वीटही हलवली नाही तरी राहत्या घराचा दवाखाना करताना कलम ४४ खाली अर्जाचा प्रश्न येतो. रहिवासी झोनमध्ये काय चालतं याची यादी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग सोडले तर जवळजवळ सगळ्या राज्याला तीच लागू आहे. ही यादी वाचताना रस्त्याची रुंदी विसरू नका. तोच रहिवासी झोन, पण अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मोजकेच वापर मिळतात आणि रुंद रस्त्यावर यादी वाढत जाते.

आमच्या वास्तुविशारदाने झोन दाखला आणि भाग नकाशा काढून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आमच्या गल्लीवर पट्टी ठेवली. नकाशात रस्ता नऊ मीटरचा. मग टेप घेऊन तो आमच्याबरोबर बाहेर आला. एका बाजूला कंपाउंडच्या भिंती पुढे सरकलेल्या, दुसऱ्या बाजूला विजेचा डीपी आणि त्याला खेटून गुलमोहर. प्रत्यक्षात गाडी जायला जेमतेम सहा मीटर. "वहिनी, कागदावर नऊ आहेत म्हणून अर्ज दाखल होईल," तो म्हणाला, "पण हरकत आली तर लोक हे सहा मीटरच दाखवतील." पुढे तसंच झालं. सोसायटीतल्या रहिवाशांनी लेखी हरकत घेतली, सोबत संध्याकाळी लागलेल्या गाड्यांचे फोटो जोडले. कुत्रं बसने येत नाही. प्रत्येक पेशंटमागे एक गाडी येते. पार्किंग नकाशात कुठे दाखवणार, हे ठरल्याशिवाय अर्जाला हात घालू नये.

महापालिकेच्या कागदांइतकेच घरातले जुने कागद महत्त्वाचे आहेत. बिनशेतीचा मूळ आदेश शोधून काढा. त्यात 'फक्त रहिवासी वापरासाठी' अशी अट असेल तर महसूल खात्याकडेही जावं लागेल का, ते तपासा. खरेदीखत शेवटच्या पानापर्यंत वाचा. जुन्या प्लॉटधारकांच्या सोसायट्यांमध्ये गुरं, कोंबड्या, कारखाना यांना मनाई करणारी ओळ हमखास सापडते, आणि महापालिकेची परवानगी मिळाली म्हणून ती ओळ पुसली जात नाही. शेजारी तिच्या आधारे दिवाणी कोर्टात जाऊ शकतो. सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्यायचं तर सर्वसाधारण सभेच्या ठरावासह घ्या. चेअरमनने आपुलकीने लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र पुढची कमिटी आली की निरुपयोगी ठरतं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं तेव्हा आमच्या भिंतीला भिंत असलेले काका उभे राहिले. निवृत्त शिक्षक, घरी अंथरुणाला खिळलेल्या काकू. त्यांचा कुत्रा माझाच पेशंट. ते म्हणाले, "डॉक्टर, दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या मोत्याला तुम्हीच वाचवलंत. पण रात्री दोन वाजता बारा कुत्री एकदम भुंकायला लागली तर मी कुणाचं दार वाजवू?" आमच्या अर्जात बारा पिंजरे होते. त्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एकच होतं, ते म्हणजे काही नाही.

आवाजाचा हिशेब कायद्यात स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. ती दहा डेसिबलने ओलांडली गेली की रीतसर तक्रार करता येते. मोठ्या कुत्र्याचं भुंकणं जवळून ८० डेसिबलच्या पुढे सहज जातं. एका ओळखीच्या बोर्डिंगमध्ये मी मुद्दाम रात्री मुक्कामाला राहिले होते. साडेअकराच्या सुमाराला रस्त्यावरून बुलेट गेली. कोपऱ्यातल्या बीगलने सुरुवात केली, मग शेजारचा लॅब्रॅडॉर, मग एकेक करत सगळे. वर पत्रा असल्यामुळे तो आवाज आतल्या आत घुमून दुपटीने बाहेर येत होता. सांभाळणारा मुलगा उठून प्रत्येकाच्या जाळीजवळ जाऊन बसायचा, नावाने हाक मारायचा. सगळे शांत व्हायला बराच वेळ गेला आणि तेवढ्यात पहिला बीगल पुन्हा सुरू झाला. ती कुत्री वाईट नव्हती. आपली माणसं सोडून अनोळखी जागी आलेलं जनावर रात्री सावध राहणारच.

याच मुद्द्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात वाद होतो. पाळीव कुत्र्यांवर सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं कोणीतरी भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला देऊन लिहितो. ते खरं आहे, पण ते रहिवाशाच्या स्वतःच्या कुत्र्याबद्दल. पैसे घेऊन इतरांची कुत्री रात्री ठेवणं हा व्यवसाय आहे आणि त्याला ते संरक्षण लागू होत नाही. उपद्रवाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपर्यंत गेली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तो उपद्रव थांबवण्याचा आदेश निघू शकतो. सुट्टीवर गेलेल्या कुटुंबांची कुत्री तुमच्या ताब्यात असताना असा आदेश हातात पडला तर त्या जनावरांना नेणार कुठे, याचा विचार करा.

कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या पेशाचं कारण मला जास्त पटतं. परळला, ज्याला मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे शिकताना, पार्व्होची पिल्लं वेगळी ठेवण्याबद्दल सरांची जी कडक शिस्त होती तिचा अर्थ मला स्वतःचा दवाखाना चालवताना कळला. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनेलने जात नाही, ब्लीच लागतं, आणि अंगणातल्या मातीवर ब्लीचही नीट काम करत नाही. केनेल कफ हवेतून पसरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो, तो माणसालाही होतो. एकाच फाटकातून उलट्या करणारं पिल्लू आत येतंय आणि त्याच फाटकातून कोणाचं धडधाकट कुत्रं आठवड्यासाठी राहायला येतंय, हे चित्र मला आता सहन होत नाही. वेगळी दारं, वेगळी गटारं, वेगळी माणसं असतील तरच दोन्ही एका छताखाली चालवावं. तेवढी जागा बंगल्याच्या प्लॉटमध्ये नसते.

म्हणून अर्ज करताना दोन्ही वापर एकत्र मागू नका. आमचा एकच अर्ज होता आणि बोर्डिंगवरच्या हरकतींमुळे दवाखान्याची फाइलही टेबलावर पडून राहिली. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही बोर्डिंग काढून सुधारित नकाशा दिला, तेव्हा ती हलली. मंजुरी अटींसह आली: कामाच्या वेळा ठरलेल्या, रात्री जनावर ठेवायचं नाही, गाड्या आवारातच लावायच्या. शस्त्रक्रिया आम्ही सकाळी करतो, पेशंट संध्याकाळी घरी जातो, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल असा पेशंट आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवतो. हरकत घेणाऱ्या काकांचा मोत्या अजून माझ्याकडेच येतो.

परवानगीनंतरची कामं थोडक्यात सांगते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. कचरा किती निघतो याला महत्त्व नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र घ्यावंच लागतं. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावं लागतं. सुया, रक्ताचा कापूस, शस्त्रक्रियेतून निघालेला भाग घंटागाडीत टाकायचा नाही. त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी लावून घ्या. वीज मीटरचा वापराचा प्रकार पहिल्याच महिन्यात बदला. घरगुती मीटरवर दवाखाना सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून बदलला हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. घरपट्टी आणि पाणीपट्टीही बिगरनिवासी दराने येणार, ती आधीच हिशेबात धरा. घरकर्ज चालू असेल तर बँकेला लेखी कळवा.

बोर्डिंगची गरज मात्र खरी आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात पेशंटांची माणसं काकुळतीला येऊन विचारतात. आम्ही शेवटी शहराबाहेर, वस्तीपासून लांब जागा भाड्याने घेतली. तिथे दवाखाना नाही. लसीकरणाचं कार्ड तपासल्याशिवाय कुत्रं आत येत नाही, आजारी दिसलं तर उंबऱ्यावरूनच परत जातं. शहराबाहेर गेलं की कोणी विचारत नाही, ही समजूत डोक्यातून काढून टाका. तिथेही प्रादेशिक आराखडा असतो, शेती झोनच्या वापरांची वेगळी यादी असते, ग्रामपंचायतीच्या दाखल्याने नगररचनेची परवानगी मिळाल्यासारखं होत नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांमध्ये ब्रीडरच्या व्याख्येतच बोर्डिंग केनेल चालवणाराही धरलेला आहे, त्यामुळे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी तुमच्यासाठीही आहे.

भाडेकरारात वापर 'श्वान बोर्डिंग' असाच लिहून घ्या. 'गोदाम' किंवा 'शेतीपूरक' असं लिहिलेला करार वाद झाला की मालकाच्या बाजूने उभा राहतो. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये किती उतरतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, कारण पिंजरे दिवसातून दोनदा धुवावे लागतात. आणि जागा पसंत करण्याआधी एकदा रात्री अकरानंतर तिथे जा. एखाद्या मित्राचा भुंकणारा कुत्रा सोबत न्या, त्याला शेडजवळ थांबवा आणि सगळ्यात जवळच्या घरापर्यंत चालत जा. तिथे आवाज स्पष्ट ऐकू आला तर दुसरी जागा बघा.