देवधान आणि सारस

गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांच्या उथळ काठांवर देवधान हे जंगली भाताचे गवत उगवते. ऋषिपंचमीस नांगर न लावता आलेले धान्य म्हणून त्यास मान आहे. अशाच काठांवर व धानाच्या बांध्यांत सारस पक्षी घरटे बांधतो. महाराष्ट्रात सारसाचा मुख्य आधार आज हाच जिल्हा होय.

दोघांसही उथळ पाणी लागते; परंतु दोघांच्या वाढीची रीत भिन्न आहे. देवधानाचे दाणे पिकताच गळून चिखलात पडतात. त्यांतील काही सुप्त राहतात. म्हणून एखादे वर्ष वाया गेले तरी गवत पुन्हा उगवते. सारसाची मादी पावसाळ्यात बहुधा दोनच अंडी घालते. नर व मादी ती आळीपाळीने सुमारे एक महिना उबवतात. घरटे मोडल्यास त्या जोडीचे वर्ष फुकट जाऊ शकते.

देवधान बांधीत शिरल्यास धानाशी त्याचा संकर होतो व गळलेल्या दाण्यांमुळे पुढेही त्रास होतो. म्हणून लांब कुसळांवरून ते ओळखावे व दाणे गळण्यापूर्वी उपटावे. तलावात मात्र ते राहू द्यावे आणि उथळ काठ नांगराखाली आणू नये.

बांधीत सारसाचे घरटे आढळल्यास शेतकरी बंधूंनी त्याभोवतीचे धान पिले बाहेर पडेपर्यंत राखावे. तेथील पाणी सोडून देऊ नये, जवळ कीटकनाशक फवारू नये आणि वनविभागाच्या कर्मचाऱ्यास त्वरित कळवावे.