तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील हवा

खानदेशाच्या पूर्व सीमेवर, चांगदेव या गावापाशी, पूर्णा नदी तापीला मिळते. संगमापासून जवळच मुक्ताईनगर वसले आहे. त्याचे जुने नाव एदलाबाद. इ. स. 1297 मध्ये वैशाख वद्य दशमीस याच परिसरात, तापीच्या तीरी, वीज कडाडली आणि संत मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कथेतील ही वीज येथील ऋतूला धरूनच आहे. वैशाखाच्या उत्तरार्धात दिवसभर भूमी तापावी, तिसऱ्या प्रहरी एकाएकी आभाळ भरून यावे, धुळीचे लोट उठावेत आणि विजांच्या कडकडाटासह वळवाचा पाऊस कोसळावा, हे या खोऱ्याला मुळीच नवे नाही.

या खोऱ्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीकाठची सखल काळी जमीन आहे. समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहूनही दूर. म्हणून त्याचा गारवा येथवर पोहोचत नाही. भूमी फारशी उंचही नाही. म्हणून डोंगरमाथ्यावरील थंडावाही तिच्या वाट्यास येत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला तरी येथील लोकांना त्याचे आश्चर्य वाटत नाही. उलट पौष-माघात आकाश निरभ्र असले, की दिवसा साठलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. थंड हवा उष्ण हवेपेक्षा जड असते. ती उतारावरून हळूहळू खाली येते आणि पाणी साचावे तशी सखल भागात साचून राहते. पावसाचे मानही बेताचेच, वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर. महाबळेश्वरी एकट्या जुलै महिन्यातच याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो!

अशा या प्रदेशाने पीक निवडले ते मात्र केळीचे. काळी कसदार जमीन आणि विहिरीचे पाणी यांच्या बळावर येथे केळीचे मळे उभे राहिले. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु केळ ही मोठी नाजूक वनस्पती. तिचे खोड लाकडाचे नसते, ते पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले वेष्टन असते. मुळेही फार खोल जात नाहीत. घडाच्या भाराने वाकलेली केळ वादळाच्या एका झोताने आडवी होते. उन्हाळ्यातील झळांनी पाने करपतात, घड सटकतात. थंडी फार वाढली, की पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. शेतकरी बागेभोवती शेवरीची दाट रांग लावून वारा अडवितो. थंडीत रात्री पाणी देतो, पहाटे धूर करतो. उन्हाळ्यात घड वाळक्या पानांनी झाकतो. मृगबाग असो की कांदेबाग, वर्षभर त्याचे एक लक्ष आभाळाकडे असते.

‘पूर्वी एवढे ऊन नव्हते,’ असे गावातील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही. तथापि एका उन्हाळ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आजची हवा ही एका दिवसाची गोष्ट, तर हवामान हे निदान तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरवावयाचे असते. आपल्या देशात भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला. दीर्घकाळच्या नोंदी असे सांगतात, की 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढला, तो उष्णता अडवून धरतो, हे या वाढीचे मुख्य कारण होय.

पाऊण अंशही नाही, मग एवढी चिंता कशाची? केळीची बाग सरासरीने करपत नाही. ती करपते वैशाखातील चार-पाच भयंकर दिवसांनी. सरासरी थोडी वर सरकली, की असे दिवस अधिक वेळा येऊ लागतात. शिवाय उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, एका अंशास सुमारे सात टक्के. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळू शकतो.

आता तर अंशाचा थेट पैशाशी संबंध जडला आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीची भरपाई ठरते ती महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. केंद्र उंचवट्यावर आणि बाग नदीकाठच्या खोलगट जागी असेल, तर थंडीच्या एकाच पहाटे दोन्हीकडचे तापमान वेगळे असू शकते. पाने पिवळी पडतात बागेत, आकडा मात्र केंद्रातला धरला जातो. म्हणून केंद्राची जागा निवडताना फार विचार करावा लागतो. तापमापक उन्हात टांगून चालत नाही. तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. पेटीचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरत नाही.