तलावातील डाग : आधी ओळख, मग औषध

आमचा धंदा कापडाचा. एकदा दुकानातील पांढऱ्या मांजरपाटाच्या थानाला गाठीच्या लोखंडी पट्टीचा गंज लागला. आम्ही घाईने ते थान ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घातले. डाग तर गेला नाहीच, उलट डागाच्या जागी कापड विरून भोके पडली. नुकसान झाले, पण तजुर्बा मिळाला. डाग कशाचा हे समजल्याशिवाय औषध लावू नये.

हाच नियम घरच्या पोहण्याच्या तलावाला लागू आहे. आपल्या जिल्ह्यात काही बंगल्यांतून व पर्यटकांच्या निवासांतून असे तलाव झाले आहेत. त्यांच्या सफाईचे काम आपल्याच फरशीवाल्या व नळकाम करणाऱ्या कारागिरांकडे येते. म्हणून ही माहिती.

डाग कसे ओळखावेत?

तांबूस-पिवळा डाग बहुधा लोहाचा. आपली जमीन जांभ्याची, आणि जांभ्यात लोह भरपूर. विहिरीचे पाणी काढताना स्वच्छ दिसते. हवा व क्लोरीन लागताच विरघळलेले लोह गंज होऊन फरशीवर बसते. निळसर-हिरवा डाग तांब्याचा. तो तांब्याच्या नळ्यांमुळे किंवा शेवाळ मारण्यासाठी टाकलेल्या मोरचुदामुळे पडतो. हिरवा किंवा तपकिरी, पानाच्या आकाराचा डाग शेवाळाचा अगर पाल्याचा. पाण्याच्या कडेला पांढरी खरखरीत रेघ दिसली तर ती क्षारांची.

काळा डाग फसवा असतो. जुने रंगारी हिरड्याचे पाणी व लोखंडाचे पाणी एकत्र आणून कापड काळे करीत. पाल्यातील तुरट अंश व पाण्यातील लोह भेटले की तलावातही तोच प्रकार होतो.

परीक्षा

पंप बंद करावा. एका डागावर विटॅमिन सी ची गोळी चार-पाच मिनिटे दाबून धरावी. डाग फिका पडला तर तो लोहाचा. दुसऱ्या, दूरच्या डागावर जुन्या मोज्यात थोडी ब्लीचिंग पावडर बांधून अर्धा तास ठेवावी. फिका पडला तर तो शेवाळाचा किंवा पाल्याचा. ही दुसरी परीक्षा फरशी व सिमेंटवरच करावी. प्लॅस्टिकच्या अस्तरावर करू नये, त्याचा रंग उडतो.

उपाय

शेवाळ व पाला असेल तर क्लोरीन वाढवून ब्रशने घासावे. लोह असेल तर उलट करावे : आधी क्लोरीन अगदी उतरू द्यावे, मग 40 हजार लिटर पाण्यास सुमारे अर्धा किलो विटॅमिन सी ची पावडर कडेने पसरावी. क्लोरीन असताना टाकल्यास पैसे पाण्यात जातात. डाग सुटला तरी लोह पाण्यातच राहते, म्हणून धातू बांधून ठेवणारे औषध टाकावे आणि क्लोरीन हळूहळू वाढवावे. नाहीतर डाग परत येतो. लोहाच्या डागावर नुसते क्लोरीन ओतणे म्हणजे आमच्या थानाची गोष्ट पुन्हा करणे होय.

मशिदीच्या वजूच्या हौदात पाण्यात औषध टाकू नये, कारण लोक त्याच पाण्याने चूळ भरतात. हौद रिकामा करून फरशीवरील डाग लिंबाने घासावेत व भरपूर पाण्याने धुवावे. संगमरवराला मात्र लिंबू लावू नये; आंबट पदार्थ त्याला खातो.

सावधान

ब्लीचिंग पावडर व ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि छातीवर बेततो. दोन्हींना एक बादली, एक ब्रश वापरू नये. गिऱ्हाईक घाई करो, मजुरी थोडी मिळो, जीव पहिला.

आधीची काळजी

तलाव भरण्यापूर्वी विहिरीचे पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकावी. थोड्या वेळाने पाणी तांबूस झाले तर लोह आहे असे समजावे. असे पाणी उंचावरून टाकीत पडू द्यावे, रात्रभर निवू द्यावे आणि वरचे गाळून घ्यावे.

कापड असो की तलाव, डागावर हात टाकण्यापूर्वी चार मिनिटे डागाकडे पाहावे. जो कारागीर आधी परीक्षा करतो, त्यालाच गिऱ्हाईक पुन्हा बोलावते.