घरचा मोबाईल आणि घरच्यांच्या सवयी



या अंकात बेणेप्रक्रिया आणि खताच्या मात्रा बाजूला ठेवून वेगळा विषय घेतला आहे. उसाच्या माणसाने आरोग्यावर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण शेवटी सांगतो म्हटले तर कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही, म्हणून आधीच सांगतो.

मी स्वतः अठरा वर्षे खर्रा खाल्ला. आपल्यापैकी कित्येकांच्या बांधावर बसून, आपल्याच पन्नीतला खाल्ला. गेल्या वर्षी घरचे साधे वरण-तिखट तोंडाला झोंबू लागले. मुलीने मोबाईलवर दातांच्या डॉक्टरांचे एक व्याख्यान ऐकले आणि म्हणाली, "बाबा, तोंड उघडा बरं. तीन बोटं उभी घाला." दोनच गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तोंडात काय होते?

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. आपण दोष फक्त तंबाखूला देतो. पण नुसती सुपारीही कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक, पांढरट होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा धूरविरहित तंबाखू वापरताना आढळला.

आपण काणी रोगाचे काय करतो? चाबकासारखा काळा पट्टा दिसला की ते बेट उपटून जाळतो, पुढच्या खोडव्याची वाट पाहत नाही. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याला मात्र आपण वर्ष-वर्ष मुदत देतो.

मोबाईल यात काय करणार?

एक सभासद मला म्हणाले, "साहेब, मोबाईल तं पोट्ट्यांचं खेळणं हाये. त्यानं काय खर्रा सुटते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मोबाईल पिकाला पाणी देत नाही, पाण्याच्या पाळीची आठवण देतो. योग्य वेळी आठवण आली की अर्धे काम होते. सवय मोडताना किंवा लावताना हीच वेळ चुकते.

मी पहिल्यांदा मनानेच सोडले आणि चौथ्या दिवशी पानठेल्यावर उभा होतो. दुसऱ्या वेळी मुलीच्या सांगण्यावरून १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन केला. ही तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची मोफत सेवा असून २०१६ पासून चालू आहे. समुपदेशक रागावत नाहीत. किती खाता, कधी खाता हे विचारतात, सोडण्याची तारीख आपल्याकडूनच ठरवून घेतात आणि पुढे स्वतः फोन करून चौकशी करतात. "उद्या फोन येणार आहे" या एका धाकाने माझे दोन दिवस निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तंबाखूच्या पाकिटावर धोक्याचे चित्र आणि हा क्रमांक २०१८ पासून छापलेला असतो. पण पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याच्या पन्नीवर ना चित्र असते, ना क्रमांक. ज्याला तो सर्वांत जास्त हवा, त्याच्याच डोळ्यांपुढे तो येत नाही. म्हणून हा अंक हाती असतानाच तो मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा.

थोडा हिशोब

दिवसाला चार खर्रे, एक वीस रुपयांचा धरला तर रोजचे ८० आणि वर्षाचे २९,२०० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. म्हणजे वर्षाला आठ टनांहून जास्त ऊस आपण चघळून थुंकतो. तोडणी-वाहतूक वजा केली तर आणखी जास्त. दवाखान्याचा खर्च यात धरलेला नाही.

सूनबाईंचा फोन

दुसरी सेवा 'किलकारी'. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला ध्वनिमुद्रित फोन येतो. असे एकूण ७२ संदेश आहेत. त्या त्या आठवड्यात आहार, लोहाच्या गोळ्या, तपासणी, लसीकरण, स्तनपान यांबाबत काय करावे ते त्यात सांगतात. महाराष्ट्रात ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पैसे लागत नाहीत. लिहिता-वाचता येत नसले तरी चालते, कारण ऐकायचेच असते.

अडचण आपल्याच घरात असते. गरोदरपणाची नोंद करताना नवऱ्याचा क्रमांक दिला जातो. तो मोबाईल दिवसभर शेतात किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत. फोन येतो, भाऊ "कंपनीचा दिसते" म्हणून कापतात. तरी नोंदणीच्या वेळी आशाताईंना घरी राहणाऱ्या मोबाईलचाच क्रमांक द्यावा. फोन आला की तो मोठ्या आवाजात लावून सासूबाईंनीही ऐकावा. सुनेने काय खावे हे पुष्कळदा त्यांच्याच हाती असते.

घरी करावयाच्या गोष्टी

१. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीच्या वेळेचा गजर लावावा. गजर झाल्यावर गोळी देण्याची जबाबदारी घरातील एका मुलाकडे द्यावी.

२. खर्रा सोडणाऱ्याने घरच्या गटावर रोज रात्री "आजचा दिवस गेला" एवढे दोन शब्द बोलून पाठवावेत. चुकल्यास तेही सांगावे. घरच्यांनी टोमणा मारू नये.

३. तलफ आली की मोबाईलमध्ये दहा मिनिटे लावावीत. तेवढ्यात पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, कोणाला तरी फोन करावा. तलफ बहुधा त्याआधीच ओसरते. पहिले काही दिवस कठीण जातात, पुढे दोन-चार आठवड्यांत जोर कमी होतो.

४. वैशाखात शेतावर असताना पाणी पिण्यासाठी तासातासाला गजर लावावा. आपल्या भागातील ऊन काय असते, ते सांगायला नको.

५. महिन्यातून एकदा आरशासमोर तीन बोटांची परीक्षा सर्वांनी करावी. बोटे जात नसतील, चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर मोबाईल ठेवून सरळ दंतवैद्य गाठावा.

जपून वापरावे

खतही मात्रेबाहेर टाकले की पीक लोळते. जेवताना मुलाच्या हाती मोबाईल देऊ नये. दोन वर्षांखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. कोणी पाठवलेल्या झाडपाल्याच्या उपायावरून चालू गोळी बंद करू नये. रात्री मोबाईल उशाशी नको.

माझ्यापुरते सांगायचे तर आज अकरा महिने झाले. तोंड अजून पूर्वीइतके उघडत नाही. गेलेले सारे परत येईलच असे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. चार वर्षे आधी तीन बोटे घातली असती तर बरे झाले असते. आपण ती आजच घालावीत, एवढ्यासाठी हा लेख.

पुढील भेटीस मी बांधावर येईन तेव्हा चहा जरूर द्यावा. पन्नी मात्र पुढे करू नये.

— ऊस विकास अधिकारी