पाळणा लांबवण्याची गोळी थांबवल्यावर

(हा पाठ नवरा-बायकोने मिळून वाचावा. एकाला वाचता येत नसेल, तर दुसऱ्याने वाचून दाखवावा.)

दुपारची वेळ होती. उपकेंद्रातली लसीकरणाची गर्दी ओसरली होती. एक जोडपे दाराशी येऊन उभे राहिले. बाईच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी.

"या ताई, बसा. भाऊ, तुम्ही बाहेर का उभे? तुम्हीपण आत या," नर्सबाई म्हणाल्या.

बाई बसली, पण बोलेना. शेवटी नवराच म्हणाला, "बाई, दुसरं मूल हवं म्हणून आम्ही माला-एन बंद केली. आज चाळीस दिवस झाले, हिची पाळी नाही. आशाताईंनी दिलेल्या पट्टीवर लघवी तपासली, दिवस राहिलेले नाहीत. घरात आई म्हणते, दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, कूस जळाली."

"शेजारच्या बायका तर ह्यांना म्हणतात, आता दुसरी बघा," बाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

अशी भीती पुष्कळ घरांत असते. काही घरांत याच्या उलट चूक होते. गोळीचा असर अजून अंगात असेल असे धरून जोडपे निर्धास्त राहते आणि नको असताना दिवस राहतात. दोन्ही ठिकाणी त्रास बाईलाच भोगावा लागतो. म्हणून गोळी थांबवल्यावर शरीरात काय घडते, ते नीट समजून घेऊ या.

गोळी काय करते?

बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. साधारण महिन्याला एक स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडते. हे काम डोक्यातल्या एका लहान ग्रंथीच्या हुकमाने चालते. हा हुकूम रक्तातून जातो. तो पोहोचवणाऱ्या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत अशीच दोन हार्मोने थोड्या प्रमाणात असतात. ती रोज पोटात जातात, म्हणून डोक्यातली ग्रंथी स्वस्थ बसते आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्रावही घट्ट होतो, त्यामुळे पुरुषबीज आत जाऊ शकत नाही. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. त्या रक्तवाढीसाठी आहेत.

नर्सबाईंनी त्या जोडप्याला सांगितले, "भाऊ, तुम्ही पाटाचं पाणी देता ना? एका वाफ्याचं दारं बांधलं की पाणी तिथं जायचं थांबतं. म्हणून विहीर आटते का? दारं मोडलं की पाणी पुन्हा येतं. फक्त कोरड्या पाटातून वाफ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागतो. गोळीचंही तसंच आहे."

गोळीतले हार्मोन पोटात साठून राहत नाही. गोळी बंद केल्यावर थोड्याच दिवसांत ते अंगातून निघून जाते. त्यानंतर शरीराला आपले काम पुन्हा सुरू करायचे असते. त्याला लागणारा वेळ प्रत्येक बाईचा वेगळा असतो.

पहिले तीन महिने

शेवटची पांढरी गोळी घेतल्यावर दोन ते चार दिवसांत अंगावरून जाते. ती गोळ्या थांबल्यामुळे आलेली पाळी असते. शरीराची आपली पहिली पाळी त्यानंतर येते. बहुतेकींना ती चार ते सहा आठवड्यांत येते, काहींना दोन-तीन महिने लागतात. पहिल्या दोन-तीन पाळ्या पुढेमागे होणे, एखादी जास्त तर एखादी कमी जाणे, हे बहुधा काळजीचे नसते.

गोळी सुरू करण्याआधी जिची पाळी वेळेवर येत नव्हती, तिची पाळी पुन्हा तशीच अनियमित होऊ शकते. गोळी चालू असताना पाळी ठरल्या दिवशी येते, म्हणून मूळचा दोष झाकला जातो. तो गोळीमुळे झाला असे समजू नये, पण डॉक्टरांना मात्र जरूर दाखवावा.

गोळी बंद केल्याच्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. पाळी आली तो दिवस आणि थांबली तो दिवस, दोन्ही लिहा. पुढे डॉक्टरांना दाखवायला हा कागद फार उपयोगी पडतो.

कोणते बदल जाणवतात, काय करावे?

सगळ्या बायकांना त्रास होतोच असे नाही. पुष्कळ जणींना काहीच कळत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यासाठी पुढील गोष्टी :

*पोटात, कंबरेत कळ.* गोळी चालू असताना पाळीत दुखणे कमी असते, ते आता पूर्वीसारखे होते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ओटीपोट शेका. हिंडते-फिरते राहा. जास्त दुखले तर नर्सबाईंना विचारून गोळी घ्या, ती उपाशीपोटी घेऊ नका.

*जास्त अंगावरून जाणे.* गोळीमुळे पाळी कमी जात होती, आता ती वाढते. म्हणजे रक्तही जास्त जाते. गोळीबरोबर मिळणारी लोहाची तपकिरी गोळीही बंद झालेली असते. म्हणून रक्त तपासून घ्या आणि उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मागून घ्या. हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला, बाजरी, मटकी, हरभरा हे जेवणात ठेवा. वर लिंबू पिळा किंवा आवळा खा, लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

*तोंडावर मुरुमे, केस गळणे.* मुरुमे काही महिन्यांत कमी होतात. त्यांना फोडू नका, साध्या पाण्याने तोंड धुवा. केस गळणे दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, म्हणून बाई घाबरते. साधारण सहा महिन्यांत ते थांबते आणि केस पुन्हा येतात. तरी गळतच राहिले तर रक्त कमी आहे का ते पाहावे.

*छाती भरून येणे, डोके दुखणे, चिडचिड, रडू येणे.* हार्मोनांचे चढउतार पुन्हा सुरू झाल्यामुळे पाळीच्या आधी चार-आठ दिवस असे होऊ शकते. पुरेशी झोप आणि थोडी विसावा मिळालेली दुपार याने बराच फरक पडतो. मन दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासच राहिले, कशात गोडी वाटेना, तर मनाशी कुढत बसू नये. डॉक्टरांशी बोलावे.

*दोन पाळ्यांच्या मध्ये पातळ, तार येणारा पांढरा स्राव.* हा रोग नव्हे. स्त्रीबीज पुन्हा तयार होऊ लागल्याची ती खूण आहे. मात्र स्रावाला घाण वास आला, खाज सुटली किंवा रंग हिरवट-पिवळा झाला, तर तपासून घ्यावे.

मूल हवे असेल तर

गोळी बंद केल्यावर शरीर "स्वच्छ होण्यासाठी" थांबण्याची गरज नाही. पहिल्याच महिन्यात दिवस राहिले तरी बाळाला गोळीमुळे अपाय होत नाही. फक्त एक काम आधीपासून करावे. फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायला सुरुवात करावी. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू अगदी पहिल्या आठवड्यांत, म्हणजे आपल्याला कळण्याच्या आधीच, घडू लागतो. तेव्हा ही गोळी उपयोगी पडते.

गोळी थांबवलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ऐंशींना वर्षभरात दिवस राहतात. गोळी कधीच न घेतलेल्या बायकांचेही प्रमाण जवळजवळ असेच आहे. किती वर्षे गोळी घेतली याने यात फरक पडत नाही. म्हणून दोन-चार महिन्यांत घाई करू नये आणि कुणाचे बोलणे मनावर घेऊ नये.

तीन महिन्यांनी घ्यायचे "अंतरा" इंजेक्शन ज्यांनी घेतले असेल, त्यांची गोष्ट वेगळी आहे. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. यातही भीतीचे कारण नाही, पण हिशोब आधीच धरावा.

मूल नको असेल तर

त्रास झाला म्हणून किंवा पाकीट संपले म्हणून गोळी थांबवली आणि मूल मात्र नको, अशा जोडप्यांनी हे नीट वाचावे.

गोळी थांबवल्यावर पहिली पाळी येण्याच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडते. म्हणजे पाळी यायची वाट पाहता पाहता दिवस राहू शकतात. या काळात पाळी पुढेमागे होत असल्यामुळे दिवस मोजून "सुरक्षित दिवस" पाळणेही भरवशाचे नाही. म्हणून ज्या दिवशी गोळी थांबेल, त्याच दिवसापासून दुसरे साधन वापरा :

१. निरोध. सरकारी केंद्रात फुकट मिळतो, लगेच वापरता येतो.
२. तांबी. एक प्रकार ५ वर्षे, दुसरा १० वर्षे चालतो. तीत हार्मोन नसते.
३. "छाया" गोळी. हीतही हार्मोन नसते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा.
४. "अंतरा" इंजेक्शन.
५. कुटुंब पुरे झाले असेल तर नसबंदी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो.

साधन न वापरता संबंध आला, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घेता येते. जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीचे साधन म्हणून वापरू नये.

इतके करूनही नको असताना दिवस राहिलेच, तर वैदू, सुईण किंवा दुकानातली औषधे यांच्या नादी लागू नका. त्यात बायकांचे जीव जातात. १९७१ च्या कायद्याने मान्य दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. लवकर जावे, गुप्तता पाळली जाते.

शंका-समाधान

*प्रश्न : गोळीने अंगात उष्णता साठते, ती काढण्यासाठी मधून मधून गोळी बंद ठेवावी का?*
उत्तर : नाही. मधून मधून बंद ठेवल्याने काही फायदा होत नाही, उलट त्याच महिन्यात दिवस राहण्याचा धोका असतो.

*प्रश्न : पाकीट अर्ध्यावर असताना गोळी सोडली तर?*
उत्तर : जिवाला धोका नाही, पण मध्येच अंगावरून जाऊ लागते, आणि त्या आठवड्यात संबंध आला असेल तर दिवस राहू शकतात. म्हणून थांबवायचीच असेल तर पाकीट पुरे करून थांबवावी. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा कावीळ, यांतले काही झाले तर गोळी त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठावा.

*प्रश्न : पाळी आली नाही तर किती दिवस थांबावे?*
उत्तर : सहा आठवडे झाले की आशाताईंकडून "निश्चय" पट्टी घेऊन सकाळची पहिली लघवी तपासा. दिवस नसतील तर एका आठवड्याने पुन्हा तपासा. तीन महिने पाळी आली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

नवऱ्यासाठी दोन शब्द

भाऊ, गोळी बाईने खाल्ली, पण पाळणा दोघांचा लांबला. तेव्हा थांबवल्यावरची काळजीही दोघांनी घ्यावी. तिची चिडचिड म्हणजे भांडण नव्हे, हे ओळखा. कळ येत असेल त्या दिवशी पाण्याची घागर तुम्ही आणा. घरातली वडीलधारी माणसे बोलू लागली, तर उत्तर तुम्ही द्या, तिला एकटीला ऐकायला लावू नका. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनी तपासणी करावी. पुष्कळदा दोष पुरुषात निघतो आणि पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी असते.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले?

नर्सबाईंनी बाईचे रक्त तपासले. ते कमी होते. लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन या. त्यांना मी समजावते."

सासूबाई आल्या. आधी तोंड फिरवून बसल्या. पाटाच्या दाऱ्याची गोष्ट ऐकल्यावर म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर पोरीला मी बोलले नसते." बावन्नाव्या दिवशी सुनेला पाळी आली. पुढची दोनदा पुढेमागे झाली, मग सरळ येऊ लागली. सातव्या महिन्यात सासूबाई स्वतः सुनेला घेऊन नाव नोंदवायला आल्या.

उजळणी. एकमेकांना विचारा :

१. पांढऱ्या गोळ्या संपल्यावर आलेली पाळी कशाची?
२. पहिली पाळी येण्याआधी दिवस राहू शकतात का?
३. गोळी थांबवल्यावर मूल नको असेल, तर दुसरे साधन कोणत्या दिवसापासून?
४. किती महिने पाळी न आल्यास डॉक्टरांकडे जावे?

उत्तरे आली नाहीत तर पाठ पुन्हा वाचा. तरी शंका राहिली तर उपकेंद्रात या. दोघे मिळून या.