नित्याच्या कामातील विसर
वाचावे : १ करिंथ ११ : २८

वणीच्या बाजारी कापूस नेणारा शेतकरी गाडी जुंपण्यापूर्वी चाकाची खीळ पाहतो. विमानचालकही उड्डाणापूर्वी तसेच करितात. एकजण यादी वाचितो, दुसरा प्रत्येक कळ पाहून उत्तर देतो. या रीतीस १९३५ साली अमेरिकेत झालेला एक अपघात कारण झाला. सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून घातलेला अडसर काढावयाचा राहिला. बोइंग विमान कोसळून दोघे मेले. चालक नवशिका नव्हता, कसलेला होता.

यादी असूनही विसर पडतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपुरास निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात आतील हवेचा दाब राखणारी कळ लावावयाची राहिली. १६६ उतारूंपैकी सुमारे ३० जणांच्या नाकांतून रक्त आले, व विमान मुंबईस परतले.

नवशिका भीतीने पाहतो. सवय झालेला न पाहताच 'पाहिले' म्हणतो. आम्हां उपदेशकांस हाच धोका आहे. प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षा करावी, हे पौलाचे सांगणे आम्ही मंडळीस वाचून दाखवितो. स्वतः ती करितो काय? कोणाशी वैर आहे काय? कोणाचे देणे बुडविले काय? बंधुभगिनींनो, येत्या प्रभुभोजनाच्या वेळी आपण प्रत्येक प्रश्नापाशी थांबू या, आणि अंतःकरणात पाहूनच उत्तर देऊ या.